पुन्हा ‘कीप’

“आवाज ऐकू येतोय म्हणजे माणूस बरं आहे, असं धरून चालू नका गं पोरींनो. अधूनमधून वर येऊन बघत जा.”

गायकवाड बाई क्लास सुटताना हे म्हणाल्या, तेव्हा तनुजा आपल्या तीन वर्षांच्या राधाच्या पायात बूट कोंबत होती. “काहीतरीच काय बाई! रोज सकाळी तुमचा धडा येतो की,” असं म्हणत तिनं दुसऱ्या बुटासाठी सोफ्याखाली हात घातला. विषय तिथेच संपला.

आज शनिवारी बुधवार पेठेतला एक अंधारा जिना चढताना नेमकं तेच वाक्य तिच्या मागे लागलं होतं. कडेवर राधा, खांद्यावर पिशवी. जिन्याच्या शेवटी पाटी होती: ‘शकू मोहिते, खाजगी तपास. चौकशीबद्दलची चौकशी फोनवर करू नये.’

शकूताई पूर्वी पोलिसांत होत्या. आता बहुतेक वेळ लग्नाआधी मुलांची माहिती काढण्यात जायचा. त्यांनी तनुजाकडे पाहिलं, राधाकडे पाहिलं आणि टेबलावरची टाचण्यांची डबी उचलून कपाटावर ठेवली.

“नवऱ्याबद्दल?”

“नाही नाही! माझ्या इंग्रजीच्या बाईंबद्दल. त्या हरवल्यात. म्हणजे... त्या रोज बोलतात आमच्याशी. पण हरवल्यात.”

“सावकाश सांगा. आणि क्रमानं.”

तनुजानं सांगितलं. पूर्णिमा गायकवाड, निवृत्त शिक्षिका. धनकवडीच्या त्यांच्याच सोसायटीत शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. सोसायटीतल्या बायकांना इंग्रजी बोलायला शिकवतात. रोज सकाळी क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाईंचा आवाज येतो, ‘आजचं क्रियापद’. एक क्रियापद, त्याचा अर्थ आणि उदाहरणं.

“आणि उदाहरणं रचलेली चालत नाहीत त्यांना. पुस्तकातला राम आंबा खातो तो कुणी पाहिलाय, म्हणतात. आज आपल्यासमोर घडलं तेच सांगायचं. मला भर क्लासात सांगावं लागलं होतं, ‘माय डॉटर थ्रू पोहे ॲट माय मदर-इन-लॉ.’”

“सासूबाई होत्या का क्लासात?”

“पहिल्या रांगेत.”

शकूताईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. “पुढे?”

“सोमवारी बाईंचा लेखी मेसेज आला. ‘नागपूरला बहिणीकडे चालले. धडे येत राहतील.’ धडे येतात. पण मंगळवारपासून रोज एकच क्रियापद. कीप. बाई कधीच तसं करत नाहीत. फोन केला तर उचलत नाहीत. चौकीवर गेले तर म्हणाले, मॅडम, रोज बोलणारं माणूस हरवलं म्हणून कसं लिहून घेऊ? आणि पियुष, माझा नवरा, तो म्हणतो, मी उगाच विचार करते. रोज झोपताना गॅस दोनदा बघते, तसंच हे.”

“गॅस कधी चालू निघाला का?”

“एकदा.”

“मग बघत जा. ऐकवा तो धडा.”

तनुजानं आज सकाळचा धडा लावला. बाईंचा खणखणीत आवाज खोलीत भरला.

“गुड मॉर्निंग गर्ल्स. आज पुन्हा कीप. तुम्ही सगळ्या म्हणता, ‘आय केप्ट द बॅग ऑन द टेबल.’ चूक. तिथे पुट. पुट म्हणजे ठेवून मोकळं होणं. कीप म्हणजे ठेवल्यानंतरही त्यात आपला जीव असणं. आता उदाहरणं. द टायगर कीप्स रोअरिंग बिफोर माय टी. मिल्क व्हॅन्स कीप पासिंग माय विंडो. सराव करा.”

“वाघ?” शकूताई म्हणाल्या.

“नागपूर ना! तिकडे जंगलं आहेत. सगळ्या हसल्या. एकीनं विचारलंसुद्धा, बाई सफारीला का? त्यावर उत्तर नाही आलं.”

शकूताईंनी धडा पुन्हा ऐकला आणि उठून चपला घातल्या. “ह्या आठवड्यात सोसायटीत काही आहे का?”

“उद्या सकाळी सर्वसाधारण सभा आहे. इमारती पाडून नव्या बांधायच्यात, त्यावर मतदान. मागच्या चार खोल्यांत सफाई कामगारांची कुटुंबं राहतात, त्यांना नव्या नकाशात जागाच नाही. बाई त्याविरुद्ध बोलणार होत्या. आणि बाई उभ्या राहिल्या की वर गेलेले निम्मे हात खाली येतात.”

“हे तुम्ही शेवटी सांगताय,” शकूताई म्हणाल्या. “चला.”

*

बाईंच्या घराची एक किल्ली समोरच्या दीपमालाकाकूंकडे असायची. काकूंनी दार उघडलं आणि पदरानं उंबरठ्यावरची धूळ झटकली.

“सोमवारी सकाळी मी पाहिलं ना जाताना. टकाटक जिना उतरल्या. माझ्यापेक्षा मोठ्या आहेत हो, पण गुडघे बघा! खाली गाडी उभी होती. झाडाच्या आड, कुणाची ते नाही दिसलं.”

“सामान?”

“खांद्याला पर्स. बॅग आधीच गाडीत गेली असेल, म्हटलं.”

“तुमचं त्यांचं बरं होतं?”

काकू थोड्या चमकल्या. “रविवारी वाजलं आमचं. मला लिफ्ट हवीय, ताई. भाजीची पिशवी घेऊन तीन जिने चढून दाखवा. बाई म्हणाल्या, तुझ्या लिफ्टपायी चार घरं रस्त्यावर काढू का? मी म्हटलं, तुम्ही आणि तुमचं इंग्रजी! म्हणजे मीही त्याच क्लासला जाते, पण रागात माणूस बोलतं.”

तनुजा स्वयंपाकघरात पोचली होती. तिनं आधी गॅसचं बटण पाहिलं, मग फ्रिज उघडला. बाईंना मधुमेह होता, इंजेक्शनं रोजची. दाराच्या वरच्या कप्प्यात ती असायची. कप्पा रिकामा होता.

“नेलीत!” तिचा जीव भांड्यात पडला. “इन्सुलिन नेलंय. म्हणजे ठरवूनच गेल्यात.”

शकूताई फ्रिजकडे बघतच नव्हत्या. त्या दारामागच्या खुंटीवरची निळी जाड पिशवी चाचपत होत्या. “हे काय?”

“ती गारव्याची पिशवी,” काकू म्हणाल्या. “आत बर्फाची वडी घालून इंजेक्शन न्यायचं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून आणायला मला पाठवायच्या, तरी आधी ही पिशवी हातात. एकदा मी तशीच आणली तर महिनाभर ऐकवलं.”

“घाईत विसरल्या असतील,” तनुजा म्हणाली.

“असेल,” शकूताई म्हणाल्या. पण पिशवी पुन्हा खुंटीवर लावताना त्यांनी ती दोनदा सरळ केली. “काकू, माहेर कुठलं तुमचं?”

“कात्रज. भाऊ तिथेच असतो, दुधाच्या गाडीवर आहे. का हो?”

“सहज.”

जिना उतरताना तनुजानं शकूताईंचा दंड धरला. “दुधाच्या गाड्या! धड्यात होतं! आणि भांडण, आणि किल्ली...”

“आणि गुडघे,” शकूताई म्हणाल्या. “हळू बोला, वर ऐकू जातंय.”

*

सोसायटीचे अध्यक्ष रणजितदादा कार्यालयात खुर्च्या मोजून घेत होते. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, बोलणं मोकळं. राधाला त्यांनी लगेच बिस्कीट दिलं. तनुजानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि मगच तिच्या हातात दिलं.

“आम्ही मूळचे कात्रजकडचे,” ते शकूताईंना म्हणाले. “आम्ही पुण्यात नाही आलो, पुणं आमच्याकडं आलं. जमिनी गेल्या, थोडंफार राहिलंय. म्हणून सांगतो, बांधकामाला विरोध करून काय होत नसतंय.”

“गायकवाड बाईंचा होता म्हणे.”

“बाई मोठं माणूस हाय. मान हाय आपल्याला. पण सगळ्यांचं भलं बघायला लागतंय ना?”

“तुम्ही ऐकता का त्यांचे ते रोजचे धडे?”

“मी? त्या बायांच्या ग्रुपात मी कशाला असतोय! आमच्या घरातलं कुणी त्या क्लासाला नाही. इंग्रजी आपल्याला सातवीत एकदा चावलंय, तेवढं बास.” ते मोठ्यानं हसले. शिकवणीची चेष्टा झालेली तनुजाला आवडली नाही, पण त्यांच्या हसण्यानं तिलाही थोडं हसू आलं.

“म्हणजे उद्या बाई नसणार.”

“त्या पायानं कशा येणार? आणि नागपूर काय जवळ हाय?”

“बरोबर आहे,” शकूताई म्हणाल्या. “खुर्च्या पुरतील ना? एक माझ्यासाठी ठेवा.”

*

बाईंचा भाचा प्रज्ञेश येरवड्याला राहायचा. त्यानं दार उघडलं, मावशीचं नाव ऐकलं आणि तो चहा टाकायला आत निघाला. नागपूर ऐकल्यावर मात्र थबकला.

“आईकडे? असेल. मला कसं कळणार? लग्नानंतर आई माझ्याशी बोलत नाही. मावशी दर आठवड्याला म्हणायची, एक फोन कर तिला. मी नाही केला.”

“मावशींचा फ्लॅट पुढे कुणाचा?”

“माझ्या नावावर करणार आहे ती. म्हणजे नवी इमारत झाली तर माझा फायदाच, हेच विचारायचंय ना तुम्हाला?” त्याचा आवाज चढला. “लहानपणी मला तिनंच इंग्रजी शिकवलं. घरात काय घडेल त्याची उदाहरणं करायची. मी अंथरूण ओलं केलं तरी त्याचं वाक्य! अशा बाईचं मी वाईट करीन?”

“मग लावा आईला फोन. आत्ता.”

प्रज्ञेशनं फोन हातात बराच वेळ धरून ठेवला. तनुजाला वाटलं, हा लावणारच नाही. मग त्यानं लावला.

“आई... मी आहे. थांब, ठेवू नको. पूर्णिमामावशी तुझ्याकडे आहे?” तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. “दिवाळीपासून आलेलीच नाही म्हणतेय.”

राधा तनुजाच्या मांडीवर झोपली होती. सवयीनं तनुजानं तिच्या नाकाशी बोट नेऊन श्वास पाहिला. बाईंचा श्वास ह्या क्षणी कोण पाहत असेल, ह्या विचारानं तिच्या अंगावर काटा आला.

“घाबरू नका. त्या जिवंत आहेत,” शकूताई म्हणाल्या. “आणि कुठे आहेत त्याचा मला अंदाज आहे. कुणी ठेवलंय ते मात्र नक्की होत नाही. चुकीचं दार वाजवलं, तर बरोबर दारामागचा माणूस त्यांना हलवेल.”

*

रविवारी सकाळी तनुजा दाराशी फोन घेऊनच उभी होती. धडा आला.

“गुड मॉर्निंग गर्ल्स. पुन्हा कीप. आय फेल ऑन मंडे. सिन्स देन आय कीप माय लेग ऑन अ पिलो. दॅट्स ऑल.”

आवाज आज थकलेला होता. तनुजानं तो शकूताईंना फोनवर ऐकवला आणि ती म्हणाली, “हो, पायाचं रणजितदादा म्हणाले होतेच काल.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“तनुजा,” शकूताई म्हणाल्या, “तुमचे कान सोन्याचे आहेत. फक्त ऐकलेलं तुम्ही नीट लावून ठेवत नाही. सभा कधी उरकतील ते?”

“चहाच्या आधी हात वर करायला लावतील.”

“मग मला बोलत राहावं लागणार.”

*

पार्किंगमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. मागच्या खोल्यांतली माणसं खुर्च्या असूनही भिंतीला टेकून उभी होती. रणजितदादांनी ठराव वाचला आणि म्हणाले, “ज्यांना मान्य हाय त्यांनी हात...”

“एक मिनिट,” शकूताई उठल्या. “ह्या सोसायटीतलं एक माणूस सोमवारपासून बेपत्ता आहे. हात वर करण्याआधी ते कुठे आहे, हे ऐकायला आवडेल का?”

“बाहेरच्यांना बोलता येत नाही,” रणजितदादा म्हणाले.

“मग त्या माझ्या वतीनं बोलतायत म्हणा,” दीपमालाकाकू पहिल्या रांगेतून कडाडल्या. “बोला हो ताई.”

शकूताईंनी हात मागे बांधले.

“बाई नागपूरला गेलेल्या नाहीत. बहिणीनंच सांगितलं. मग रोजचे धडे कुठून येतात? बाईंचा एक नेम आहे. उदाहरण रचायचं नाही, घडलेलंच सांगायचं. हे धरलं की धडा म्हणजे पत्ता होतो. चहाआधी वाघ डरकाळ्या फोडतो. तुम्हाला वाटलं, सफारी. पण पहाटे घरात चहाची वाट बघणाऱ्या बाईला वाघ रोज ऐकू येतो, आणि खिडकीखालून दुधाच्या गाड्या जातात. पुण्यात ही दोन्ही एका खिडकीतून कुठे ऐकू येतील?”

“कात्रज!” मागून कुणीतरी ओरडलं. “प्राणिसंग्रहालयाची भिंत, आणि जवळच दूध डेअरी!”

सगळ्यांच्या माना दीपमालाकाकूंकडे वळल्या. काकूंचा हात गळ्याशी गेला. तनुजानं मान खाली घातली. काल रात्री तिनंही मनात त्यांनाच पकडून दिलं होतं.

“काकूंचं माहेर कात्रजचं, किल्ली त्यांच्याकडे, भांडणही झालेलं,” शकूताई म्हणाल्या. “पण बाईंच्या फ्रिजमधून इन्सुलिन गेलं आणि गारव्याची पिशवी खुंटीलाच राहिली. बाई स्वतः पिशवीशिवाय नेणार नाहीत. काकूही नाहीत, त्यांनी त्यापायी महिनाभर बोलणी खाल्लीत. म्हणजे औषध तिसऱ्यानंच नेलं, बाईंच्या किल्लीनं. शिवाय काकू ह्या क्लासच्या विद्यार्थिनी. वाघाचं उदाहरण ऐकून बाई जागा सांगतायत हे त्यांना तिथल्या तिथे कळलं असतं. भाच्यालाही कळलं असतं, तो त्याच उदाहरणांवर वाढलाय. त्या दोघांपैकी कुणीही असता, तर तो धडा ग्रुपवर आलाच नसता.”

त्यांनी गेटकडे एक नजर टाकली. गेट रिकामं होतं.

“धडा समोर बसून ऐकला आणि तरी जाऊ दिला, असा माणूस कोण? ज्याला वाटतं, इंग्रजीच्या पुस्तकात वाघ-सिंह असतातच. जो ह्या क्लासच्या जवळपासही फिरकलेला नाही.”

रणजितदादा खुर्चीवरून अर्धे उठले. “ओ ताई, पुरावा हाय का काही?”

“तुम्हीच दिलात. काल मी विचारलं, बाई उद्या येणार नाहीत? तुम्ही म्हणालात, त्या पायानं कशा येणार. कुठला पाय, दादा? काकूंनी सोमवारी त्यांना टकाटक जिना उतरताना पाहिलं. पाय दुखावल्याचं बाईंनी ग्रुपला सांगितलं ते आज सकाळी. ह्या सोसायटीत काल ते एकालाच माहीत होतं. ज्याच्या कात्रजच्या घरात त्या पडल्या त्याला.”

सगळ्यांच्या माना आता रणजितदादांकडे वळल्या.

“मी काय उपाशी ठेवलं का त्यांना?” रणजितदादांचा आवाज फुटला. “डॉक्टर आणला. औषध आणलं. गावातल्या पोरींना शिकवा म्हणून नेलं होतं, चार गोष्टी समजावाव्यात एवढंच मनात होतं. पायरीवरून पडल्या त्या. म्हटलं, सभा होईस्तोवर आराम करतील. आज संध्याकाळी आणून सोडणार होतो, आईशपथ.”

“आणि धडे?”

“नागपूरचा मेसेज तेवढा मी टाकला. पण त्या म्हणाल्या, धडा चुकला तर पोरी दार ठोठावायला येतील.” ते घाम पुसत म्हणाले. “म्हणून रोज सकाळी फोन द्यायचो. परत काढून चार्जिंगला लावायचो.”

धडा चुकला नाही म्हणून कुणी दार ठोठावलं नव्हतं.

रणजितदादा एकदम ताठ झाले. “पण ठराव ठरावाच्या जागी! इतक्या लोकांना नवी घरं नकोत का? मान्य असंल त्यांनी हात वर करा!”

लोक एकमेकांकडे बघू लागले. एक हात वर गेला. मग दुसरा. मागे भिंतीपाशी उभ्या असलेल्या एका बाईनं डोळे मिटून घेतले.

त्याच क्षणी पार्किंगभर फोन वाजले. तनुजाच्या हातातला, दीपमालाकाकूंच्या कमरेचा, तिसऱ्या रांगेतले एकदम चार. तनुजानं बटण दाबलं.

“गुड मॉर्निंग अगेन, गर्ल्स. कीप युअर हँड्स डाऊन. आय ॲम ॲट द गेट.”

आणि बाईंनी उदाहरण कधी रचलं नव्हतं.

गेटाशी रिक्षा थांबली होती, शकूताईंनी सकाळीच रणजितदादांच्या कात्रजच्या घरी धाडलेली. एका बाजूनं प्रज्ञेश आणि दुसऱ्या बाजूनं शकूताईंचे जुने सहकारी जयसिंग हवालदार, दोघांच्या खांद्यांवर भार टाकून गायकवाड बाई उतरत होत्या. पाऊल सुजलेलं, केस विस्कटलेले, चष्मा मात्र सरळ. सभेतले हात आपोआप खाली आले.

बाई रणजितदादांसमोर थांबल्या.

“तुम्ही मला तिथे नुसतं ठेवलंत, रणजित,” त्या शांतपणे म्हणाल्या. “त्या चार घरांनाही असंच कुठेतरी ठेवून मोकळे होणार होतात. बसा आता. मला बोलायचंय.”

त्या बोलल्या. ठराव त्या दिवशी झाला नाही. चार खोल्या नकाशात येईपर्यंत होणारही नव्हता. रणजितदादा जयसिंग हवालदारांबरोबर गेले तेव्हा त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

पुढे बाई भाच्याचा हात धरून जिना चढल्या. प्रत्येक पायरीवर दीपमालाकाकू “लिफ्ट हवी होती ना?” असं म्हणत होत्या आणि प्रत्येक पायरीवर बाई “चार घरांसकट हवी,” असं उत्तर देत होत्या. प्रज्ञेशच्या कानाला फोन होता. “हो आई, मिळाली. हो, जेवलीय. तू ये ना,” तो म्हणत होता.

तनुजा मागून पाण्याचा तांब्या घेऊन गेली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

“वाघ कुणालाच नाही कळला?”

“हसलो आम्ही, बाई.”

“हं. उद्याचं क्रियापद तू सांग.”

दुसऱ्या दिवशी तनुजानं धडा पाठवला नाही. राधाला कडेवर घेऊन ती सरळ वर गेली आणि तिनं बेल वाजवली. आता ती रोज जाते. धडा ऐकून झाल्यावरसुद्धा.

तुमच्याही फोनवर रोज सकाळी कुणाचं तरी फूल येत असेल, कुणाचा गणपती, कुणाचा सुविचार. तुम्ही अंगठा दाखवून पुढे जात असाल. एकटं राहणारं ते माणूस मजेत आहे असं धरून. हे वाचून झालं की फोन बाजूला ठेवा. त्यांचा जिना चढा. बेल वाजवा. आणि दार उघडून ते माणूस समोर दिसेपर्यंत तिथून हलू नका.